'कॉलेजात कळता कामा नये'

पत्र लिहिणारा वीस वर्षांचा आहे. घर इचलकरंजीत, शिक्षण पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, खुल्या जागेवर झालेला. वडिलांचे चोवीस साधे माग होते. परराज्यातल्या एका व्यापाऱ्याकडे चौदा लाख अडकले, सुताचे पैसे थकले आणि दिवाळीआधी बारा माग किलोच्या भावाने भंगारात गेले. हे सगळं त्याला दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर कळलं. या वर्षाच्या फीचा पहिला हप्ता आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरला होता, हेही तेव्हाच समजलं. वर्षाची फी १,४०,००० रुपये. त्यातले ७०,००० फेब्रुवारीअखेर भरले नाहीत तर हॉल तिकीट मिळणार नाही, अशी नोटीस लागली आहे. खोली आणि मेस मिळून महिन्याला ९,००० लागतात. इंटर्नशिपचे ११,००० रुपये त्याच्या खात्यात आहेत. एक मित्र कॉल सेंटरमध्ये १८,००० पगाराची नोकरी देतो म्हणतो. वडिलांनी बजावलं आहे, 'कॉलेजात कुणाला कळता कामा नये.' धाकटी बहीण बारावीला आहे. त्याने विचारलं आहे: 'ताई, स्कॉलरशिप गरिबांसाठी असते, आणि तीही पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच मिळते. कर्ज काढलं तर पप्पांवर अजून एक ओझं. मग कॉलेज सोडून नोकरी धरू का?'

मित्रा,

तुझं पत्र वाचलं, आणि थोड्या वेळाने पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. ज्या ज्या वाक्यात तू काहीतरी गृहीत धरलं आहेस, तिथे खूण करत गेले. सात खुणा झाल्या. त्यातल्या निदान चार चुकीच्या आहेत, आणि ही माझ्या दृष्टीने चांगली बातमी आहे. परिस्थिती खरोखर वाईट झाली आहे, ते मी नाकारत नाही. पण कॉलेज सोडण्याचा निर्णय तू परिस्थितीवरून कमी आणि या गृहीतकांवरून जास्त घेतो आहेस.

आधी वडिलांच्या त्या वाक्याबद्दल बोलू, कारण सगळं तिथेच अडलं आहे. तू लिहिलंस, 'पप्पांचा इगो आहे.' मला तसं वाटत नाही. यंत्रमागाच्या धंद्यात सूत उधारीवर येतं आणि कापडाचे पैसे नंतर मिळतात. मधले दिवस माणूस बाजारातल्या विश्वासावर काढतो. अमक्याने निम्मे माग विकले ही बातमी पेठेत फिरली, की सुताचा व्यापारी रोख मागायला लागतो आणि उरलेले बारा मागही बंद पडतात. वडील तुझी फी लपवत नाहीयेत, आपली पत सांभाळताहेत. तू त्यांना हट्टी समजून बोलायला गेलास तर बोलणं पहिल्या मिनिटात संपेल.

पण पेठ इचलकरंजीत आहे आणि तुझं कॉलेज पुण्यात. तुझ्या एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, तुझ्या घरची अडचण कळल्याने इचलकरंजीत सुताचा भाव बदलत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीही गल्लीतल्या ओळखीच्या केंद्रावर जायलाच हवं असं नाही, 'आपले सरकार'च्या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो. वडिलांना हे नीट सांगून बघ. 'कुणाला कळता कामा नये' यातला 'कुणाला' म्हणजे नक्की कोण, हे त्यांनाच ठरवू दे. पेठेला कळू नये, हे त्यांचं म्हणणं तू पूर्ण मान्य कर. कॉलेजच्या ऑफिसची गोष्ट वेगळी आहे, तेवढी त्यांच्याकडून सोडवून घे.

मी बावीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात काढली. त्यातली बरीचशी विद्यार्थी विभागाच्या खिडकीमागे. फी थकलेली मुलं मी दोन तऱ्हेची पाहिली. काही जण मुदत संपायच्या आधी अर्ज घेऊन यायचे. काही जण मुदत संपल्यावर यायचेच बंद व्हायचे. एक मुलगा आठवतो. रांगेत उभा राहायचा, त्याचा नंबर आला की मागच्याला पुढे करायचा आणि निघून जायचा. असं तीनदा झालं. त्याच्या हातात घडी घातलेला कागद असायचा. तो सवलतीचा अर्ज होता, हे आम्हाला वर्षभराने त्याच्या मित्राकडून कळलं. तोपर्यंत त्याची परीक्षा बुडाली होती. त्या वर्षी कॉलेजच्या गरजू विद्यार्थी निधीतले पैसे पूर्ण वाटले गेले नव्हते. तो कागद मी हात पुढे करून मागून घेतला नाही, हे मला अजून लागतं. म्हणून तुला इतकं खोलात जाऊन लिहिते आहे.

तेव्हा पहिलं काम, नोटिशीची मुदत संपायच्या आत लेखी अर्ज. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि खिडकीवरचा माणूस बदलला की ते संपतं. आधी तुझ्या टीजींना, म्हणजे पालक-शिक्षकांना भेट, मग एचओडींना, आणि त्यांची शिफारस घेऊन प्राचार्यांकडे जा. अर्जात रडायचं नाही आणि लपवायचंही नाही. साधारण असा लिही:

'मी तृतीय वर्षात शिकत असून माझा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला आहे. माझ्या वडिलांचा यंत्रमाग व्यवसाय चालू आर्थिक वर्षात तोट्यात गेला असून निम्मे माग विकावे लागले आहेत. पहिला हप्ता मी वेळेत भरला आहे. उर्वरित ७०,००० रुपयांपैकी ५,००० आज भरत आहे. बाकी रक्कम शैक्षणिक कर्ज मंजूर होताच, जास्तीत जास्त जूनअखेर भरेन. तोपर्यंत मला परीक्षेस बसू द्यावे, विलंब शुल्क माफ करावे, आणि बँकेसाठी बोनाफाईड व उर्वरित दोन सत्रांसह संपूर्ण शुल्काचा तपशील देणारे पत्र मिळावे, ही विनंती.'

पाच हजारच का, असं तुला वाटेल. रक्कम लहान असली तरी त्या दिवशीची पावती तुझ्या बाजूने बोलते. पळून जाणारा मुलगा पैसे भरत नसतो. तुझ्या खात्यातले सगळे ११,००० मात्र देऊन टाकू नकोस, मार्चच्या मेसचं काय? अर्जाच्या दोन प्रती कर, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे आणि ती जपून ठेव. त्याच दिवशी विचारून घे: कॉलेजचा किंवा संस्थेचा विद्यार्थी सहाय्यता निधी आहे का, माजी विद्यार्थी संघ मदत करतो का, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाच्या योजनांसाठी इथे कोण प्राध्यापक बघतात. हे फलकावर लागतं, पण फलक कुणी वाचत नाही.

आता 'स्कॉलरशिप गरिबांसाठी' याकडे वळू. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क तिच्यात निम्मं मिळतं. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये, आई आणि वडिलांचं मिळून. आठ लाख! ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांच्या डोळ्यांपुढे तुमच्यासारखीच घरं होती. कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत ती मिळते, म्हणजे तू आणि तुझी बहीण दोघंही तिच्यात बसता.

इथे मला एक शंका येते. तू लिहिलंस, 'माग जोरात होते तेव्हा पप्पांचं वर्षाचं चाळीस-पन्नास लाखांचं काम होतं.' ती उलाढाल झाली. त्यातून सूत, सायझिंग (सुताला खळ देणं), कामगारांची मजुरी, विजेचं बिल आणि बँकेचं व्याज गेल्यावर जे हातात राहतं ते उत्पन्न. धंद्यातल्या घरांमध्ये हा घोळ फार होतो. घरात पैसा फिरताना दिसतो, म्हणून आपण श्रीमंत असं मुलांना वाटतं. वडिलांची मागच्या तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं काढून बघ. आकडा आठ लाखांच्या आत निघाला, तर तू पहिल्या वर्षापासूनच या योजनेत बसत होतास आणि कुणी चौकशीच केली नाही, असं निघेल. मागच्या वर्षांची हळहळ करत बसू नकोस. पुढचं वर्ष हातात आहे.

पहिल्या वर्षी अर्ज केला नव्हता म्हणून दार बंद होत नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तुझा अर्ज 'नूतनीकरण' म्हणून न जाता 'नवीन' म्हणून जाईल, सोबत मागच्या वर्षांच्या गुणपत्रिका लागतील. दार खरोखर बंद आहे ते ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचं. त्या जागा प्रवेशाच्या वेळीच भरतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नकोस.

मधल्या वर्षात परिस्थिती बिघडणाऱ्यांची खरी अडचण मात्र वेगळीच असते. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा मिळतो. माग विकले गेले यंदा, आणि आज काढलेला दाखला सांगेल गेल्या वर्षीचं. म्हणजे ज्या दिवशी घर अडचणीत असतं, त्या दिवशी कागदावर ते सुस्थितीत असतं. शिवाय आता काढलेल्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा आकडाही आठ लाखांच्या आतला असेल तर प्रश्नच नाही. तसा नसेल तर एप्रिल उजाडू दे आणि या तोट्याच्या वर्षाचा दाखला काढ. तोपर्यंतच्या महिन्यांसाठी वर लिहिलेला अर्ज आणि खाली सांगते ते कर्ज. तुला हेच दोन-तीन महिने निभावून न्यायचे आहेत. तीन सत्रांचा डोंगर एकदम डोळ्यांपुढे आणलास तर पाय उचलणार नाही.

वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांग. तोटा झाला की पुष्कळ व्यापारी विवरणपत्रच भरत नाहीत, 'कमाईच नाही तर भरायचं काय' म्हणतात. तसं करू नका म्हणावं. तोटा दाखवणारं विवरणपत्र हा तुझ्या दाखल्याचा आधार आहे. आणि ते मुदतीत भरलं तरच धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. माग विकल्याच्या पावत्या, त्या व्यापाऱ्याकडची थकीत बिलं, बँकेचे उतारे, सगळं एका फाइलमध्ये लाव. हे काम तू कर. वडिलांना ते कागद हाताळणंही या दिवसांत जड जात असेल. (ज्यांच्या घरी नोकरी गेली आहे त्यांनीही असंच करावं: शेवटची पगारपावती, कार्यमुक्तीचं पत्र आणि त्यानंतरचे बँकेचे उतारे जपून ठेवावेत.)

पैसे किती मिळतील? तुझ्या १,४०,००० मध्ये शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतील. त्यातलं विकास शुल्क योजनेत येत नाही, शिक्षण शुल्क येतं. तो भाग १,२०,००० असेल तर ६०,००० मिळतील. हे पैसे आधारशी जोडलेल्या तुझ्या बँक खात्यात येतात आणि बऱ्याचदा उशिरा येतात. म्हणून त्यांच्यावर विसंबून मेसचा हिशेब करू नकोस. फी नेमकी किती मंजूर आहे हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावाने दिसतं, तेही एकदा ताडून बघ.

तू कोल्हापूर जिल्ह्यातला, आणि ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती घ्यायला लाजतो आहेस ते शाहू महाराज. १९०१ मध्ये त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि पुढे एकेका समाजाची इतकी बोर्डिंगं उभी राहिली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले. त्या बोर्डिंगांत राहून शिकलेल्यांची नातवंडं-पतवंडं आज तुझ्या आसपास आहेत. त्यांच्या घरात कुणाची मान खाली गेलेली नाही.

आता कर्ज. 'पप्पांवर अजून एक ओझं' हे तुझं वाक्य मला सगळ्यात जास्त तपासावंसं वाटतं. शैक्षणिक कर्ज तुझ्या नावावर असतं, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. परतफेड शिक्षण संपल्यानंतर साधारण वर्षाने सुरू होते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत काही गहाण ठेवावं लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. तुझा हिशेब करून पाहिला. यंदाचे राहिलेले ७०,०००, शेवटच्या वर्षाचे १,४०,०००, आणि पुढच्या मेपर्यंत सोळा महिन्यांची खोली-मेस १,४४,०००. एकूण ३,५४,०००. चार लाखांच्या आत! शाहू योजना मिळाली तर तीन लाखांच्याही खाली. कर्ज मधल्या वर्षातही मिळतं, उरलेल्या शिक्षणासाठी. साडेतीन लाखांवर १० टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ५,८०० रुपये पडतो. नोकरी लागलेल्या इंजिनीअरला तो झेपण्यासारखा आहे. आज तुझ्या वडिलांना ७०,००० एकदम उभे करणं झेपत नाही. ओझं तेच, पण कुणाच्या खांद्यावर आणि केव्हा, याने फार फरक पडतो.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर कर. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तुझं कॉलेज तिच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर त्या काळातलं व्याज सरकार भरतं अशीही केंद्राची योजना आहे. दोन्हींच्या अटी बँकेत बसून समजून घे.

अडचण कुठे येईल तेही सांगते. वडिलांचं कॅश क्रेडिट खातं थकलं असेल तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, घसरलेला असेल आणि बँक नकारार्थी मान हलवेल. मग आईला, किंवा पगारदार मामा-आत्या-काका यांच्यापैकी कुणाला सहकर्जदार करता येईल का बघ. नातेवाइकाकडे सत्तर हजार रोख मागण्यापेक्षा सहीसाठी विचारणं सोपं जातं, मात्र त्या सहीची जबाबदारी काय हे त्यांना नीट सांगून मगच विचार. 'तुम्ही आमच्या भागातले नाही' म्हणून बँकेने शैक्षणिक कर्जाचा अर्ज परत करू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. नकार आलाच तर लेखी माग. लेखी द्यायचं म्हटलं की पुष्कळदा साहेब कागद पुन्हा बघतात, हे मी पाहिलं आहे.

आणि मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नकोस. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो मोह होईल. तसं काही करायची वेळ आली तर त्याआधी कॉलेजात जाऊन पुन्हा मुदत माग.

आता तुझ्या नोकरीचा हिशेब. पगार १८,०००. पुण्यात राहायचं म्हणजे ९,००० गेलेच, येण्याजाण्याचे दीड हजार धर. घरी पाठवशील ७,५००. वडिलांचे १४ लाख अडकले आहेत. तुझ्या साडेसात हजारांनी घराला धीर येईल हे खरं, आणि त्यामागची तुझी माया मला दिसते. पण त्यासाठी अडीच वर्षांचं शिक्षण आणि आजवर भरलेली फी सोडायची. शिवाय बारावी पास म्हणून तू जो पगार घेशील त्यात दोन वर्षांनी किती वाढ होईल, हे तुझ्या त्या मित्रालाच विचार. 'वर्षभर काम करून मग परत येईन' असंही तू लिहिलं आहेस. तसं करणारे असतात. पण शाहू योजनेत शिक्षणातला खंड बघितला जातो, अभ्यासक्रम बदलू शकतो, बरोबरची मुलं पुढे जातात. बाकी सगळे मार्ग लेखी नकार देऊन बंद झाले तरच याचा विचार कर. तसं झालं तरी कॉलेजला कळवून रीतसर बाहेर पड. आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, युजीसीने २०१८ मध्ये तशी स्पष्ट अधिसूचना काढली आहे.

शिकताना काम करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते जरूर कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना कॉलेजांमधून चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात रोज दोन-तीन तास काम आणि तासाप्रमाणे पैसे. त्यातून फी निघत नाही, पण मेसला हातभार लागतो. अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवणं हेही तुला जमेल. रात्रभर पार्सलं पोचवणं मात्र नको. सहाव्या सत्रात विषय राहिले आणि वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष मागे पडणं) बसला, तर ज्या पैशांसाठी धावलास त्याच्या कितीतरी पट एका वर्षात जातील.

खासगी मदतीतलं एक नाव तुझ्या कामाचं आहे. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन उपक्रमात ईसीएसएस नावाची शिष्यवृत्ती आहे आणि तिचा एक भाग खास घरावर अचानक संकट आल्यामुळे शिक्षण सुटू पाहणाऱ्यांसाठी ठेवलेला आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. या वर्षीच्या तोट्यानंतर तुमचं घर तिच्यात बसू शकेल. कुठल्याही शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून द्यायचे हजार-दोन हजार मागणारा भेटला तर त्याला पैसे देऊ नकोस, आणि एका वेळी दोन योजनांचा लाभ घेता येतो का हे भरण्याआधी बघ.

बहिणीचंही आत्ताच बघून ठेव. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही खुल्या प्रवर्गातले, तेव्हा तिच्यासाठी ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र प्रवेशाआधी हातात हवं. दादाच्याच फीचे वांधे, मग माझं कुठलं, असं मनाशी ठरवून तिने साधा अभ्यासक्रम निवडला असेल तर तिला हे आजच सांग. मुली असं ठरवतात आणि घरात बोलत नाहीत.

राहिल्या आईच्या पाटल्या. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकलं, ही गोष्ट तू शाळेत ऐकली असशील. आपण ती अभिमानाने सांगतो. पण त्या बोर्डिंगमागे तेव्हा ना बँकेचं शैक्षणिक कर्ज होतं, ना महाडीबीटी. तुझ्यापुढे ते आहे. तेव्हा पाटल्यांकडे बघून मनाला खात बसू नकोस, आणि 'माझ्यामुळे' हा शब्दही पत्रात चार वेळा आला आहे तो खोड. आईने तो निर्णय विचार करून घेतला आहे.

तिला एवढंच विचार, की पाटल्या कुणाकडे आहेत: बँकेत, पतसंस्थेत की सावकाराकडे? सावकार असेल तर परवाना आहे का, आणि व्याज काय आहे? पावतीवर मुदतीची तारीख असेल, तिचा फोटो तुझ्या मोबाइलवर मागवून घे आणि महिनाभर आधीचा गजर लाव. मुदत संपायच्या आत नुसतं व्याज भरलं तरी बहुतेक ठिकाणी मुदत वाढवून मिळते आणि लिलाव टळतो. तुझ्या खात्यात उरलेले सहा हजार त्यासाठी लागले तर लागू देत.